रोझा पार्क्स नुसत्या दमलेल्या नव्हत्या

'अमेरिकेतली वर्णभेदविरोधी चळवळ कशी सुरू झाली?' असा प्रश्न घेऊन अभ्यासाला बसलास तर वर्षभराने हाती चार ढोबळ वाक्यं लागतील. त्यापेक्षा एक बस पकड. अलाबामातलं माँटगोमेरी, १ डिसेंबर १९५५.

शिवणकाम करून दमलेली रोझा पार्क्स नावाची काळी बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही आणि इतिहास घडला, ही गोष्ट गोड आहे, पण अर्धवट. (मीही ती बरीच वर्षं तशीच सांगत होतो.) पार्क्स तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या, एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस म्हणून मुरलेल्या कार्यकर्त्या. त्या दिवशीच्या बसच्याच चालकाने १९४३ मध्येही त्यांना बसमधून उतरवलं होतं. नियम काय, तर काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. कधी कधी तेवढ्यात बस निघूनही जायची! कायद्याच्या कलमांपेक्षा ह्या दोन दारांतून जास्त कळतं.

आता खरा प्रश्न विचार. त्याच वर्षी मार्चमध्ये १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनलाही जागा न सोडल्याबद्दल अटक झाली होती. मग पार्क्सच्या अटकेनंतर काळ्यांनी बसवर घातलेला बहिष्कार तेव्हाच का नाही पुकारला? तिचं वय, घरची गरिबी, चळवळीचा चेहरा म्हणून कोण 'शोभेल' याचा पुढाऱ्यांचा हिशेब, सगळं बाहेर येईल. बहिष्काराचे ३८१ दिवस लोक कामावर कसे पोचले, तेही बघ.

आणि माँटगोमेरीच्या बसमधला भेदभाव ज्या खटल्याने संपला, त्या 'ब्राउडर विरुद्ध गेल'मध्ये पार्क्स वादी नव्हत्या. कॉल्विन होती.