वाचनालयातले संध्याकाळचे टेबल

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्यावर तू मला विचारले आहेस की, प्रौढांना शिकवण्याचे काम वाचनालयाने अंगावर घ्यावे, की ते शाळेचे आणि सरकारचे समजून आपण पुस्तकांची देवघेव तेवढी चोख ठेवावी. माझे मत असे की हे काम घ्यावे आणि ते वाचनालयाच्याच जागेत करावे. पन्नाशीच्या माणसाला शाळेच्या बाकावर बसताना संकोच वाटतो. वाचनालयात मात्र कोण शिकायला आला आहे आणि कोण पेपर चाळायला, हे बाहेरच्याला कळत नाही.

गरज किती आहे, हे तुला आपल्या खानदेशात वेगळे सांगायला नको. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82.3 टक्के होती, तेव्हा जळगाव जिल्ह्याची 78.2, धुळ्याची 72.8 आणि नंदुरबारची 64.4 टक्के होती. शिवाय साक्षर म्हणून मोजले गेलेल्यांतही, चौथी-पाचवीत शाळा सुटल्यामुळे सहीपुरतेच अक्षर हातात राहिलेले लोक आहेतच. बचत गटाच्या इतिवृत्तावर दर महिन्याला सही करणारी, पण वर काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून वाचून घेणारी अध्यक्षबाई तुझ्याही गावात सापडेल.

शिकवताना बालभारतीचे पुस्तक समोर ठेवू नकोस. नातवाचे पुस्तक हातात दिले की मोठा माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याने खिशातून आणलेला कागद, म्हणजे कापसाची काटापट्टी (वजनाची पावती), बँकेची स्लिप किंवा औषधाची चिठ्ठी, हाच पहिला धडा करावा. अक्षरओळखीसाठी तर आपल्या एस.टी.च्या पाट्यांइतके सोयीचे साधन नाही. जळगाव, यावल, भडगाव, धरणगाव, शहादा ही नावे पाहा : यांत वेलांटी नाही, उकार नाही, मात्रा नाही, निव्वळ अक्षरे आणि काना. ही पाच नावे वाचता आली की रावेर आणि अमळनेर घेऊन मात्रा शिकवावी, मग चोपडा, पाचोरा, पारोळा, त्यानंतर उकारासाठी धुळे आणि अनुस्वारासाठी नंदुरबार. जोडाक्षराची घाई करू नये. साक्री आणि अक्कलकुवा शेवटी ठेवावेत. ज्या बाईला आजवर स्टँडवर उभे राहून ‘ही गाडी कुठली?’ असे दहा जणांना विचारावे लागत होते, तिला पाटी स्वतः वाचता आली की पुढच्या धड्यासाठी तुला आग्रह करावा लागणार नाही.

हिशेबाच्या बाबतीत तर शिकवणाऱ्यानेच थोडे नमते घ्यावे. क्विंटलचा भाव आणि वजन सांगितले की हमाली-तोलाई वजा जाता हातात किती पडतील, हे शेतकरी तोंडी सांगतो. अभ्यासिकेतल्या मुलांना त्यासाठी मोबाइल काढावा लागतो. त्याला गणित येते, फक्त ते कागदावर मांडता येत नाही, एवढेच ध्यानात ठेवून सुरुवात करावी. बोलणे अहिराणीत चालू द्यावे, सातपुड्याकडच्या माणसांशी जमल्यास त्यांच्या बोलीत. पाटीवर प्रमाण मराठी लिहिली म्हणजे पुरे.

शिकवणारे शोधायला बाहेर जाऊ नकोस. तुझ्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले दिवसभर बसलेली असतात. त्यांच्यापैकी जी दोन-चार तयार होतील, त्यांना आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर एकेका माणसाबरोबर बसव. वर्ग भरवू नकोस, एकाला एकच शिकवणारा हवा, कारण प्रत्येकाची अडचण निराळी असते. मुलांना एकच सक्त ताकीद दे : समोरच्याला अहो-जाहो करायचे. शाळा मध्येच सुटलेल्या आणि आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसू पाहणाऱ्या तरुण मुली येतील, त्यांना बीजगणित आणि इंग्रजीसाठी ही मुले विशेष उपयोगी पडतील. गावातला खासगी क्लास अशांना परवडत नाही, आणि परवडला तरी तो नियमित विद्यार्थ्यांच्या वेगाने पुढे जातो.

‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे आणि पंधरा वर्षे व त्यावरील कोणाही निरक्षराला त्यात नाव नोंदवता येते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी 50, अशी एकूण 150 गुणांची चाचणी असते. ही नोंदणी शाळेमार्फत होते, म्हणून जवळच्या मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेव. तुझ्याकडे शिकलेल्यांना प्रमाणपत्र मिळण्याचा मार्ग तोच आहे.

कार्यकारी मंडळ अडचण काढील. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मिळणारे अनुदान वाचनालयाच्या अ, ब, क, ड या वर्गानुसार ठरते आणि वर्ग पाहताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, कामाचे तास यांचा विचार होतो. किती जण वाचायला शिकले, याचा रकाना तिथे नाही. तरीही वाद घालू नकोस. एक टेबल, दोन संध्याकाळ आणि एक दिवा एवढेच माग. त्याला नाही म्हणणे मंडळालाही जड जाईल. मंडळाने पहिल्याच आठवड्यात छायाचित्र काढून पेपरात द्यायचे ठरवले, तर मात्र ठाम नकार दे. आपण निरक्षर आहोत हे गावभर छापून आलेले कोणाला आवडेल? (पुढाऱ्यांच्या सत्कारात आपली वाचनालये आधीच पुष्कळ वेळ घालवतात.)

सुरुवात दिवाळीत करू नकोस. तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते, बाया अंधार पडल्यावर घरी येतात, आणि नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. होळीला माणसे परततात आणि मृग लागेपर्यंत शेतात काम बेताचे असते, तेवढे अडीच-तीन महिने धर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्या आठवड्यात उपस्थिती रोडावली तर खट्टू होऊ नकोस. आत्तापासून होळीपर्यंत मुख्याध्यापकांची भेट, मंडळाची परवानगी आणि शिकवणाऱ्या मुलांची निवड, एवढे उरकून घे, आणि काय ठरले ते मला कळव.

तुझा हितचिंतक