तारीख सारखी १९८० वर जातेय? आधी बॅटरी काढा

जुना पीसी तारीख १९८० दाखवतोय, हार्डडिस्क सापडत नाही, म्हणजे बहुतेक बॅकअप बॅटरी (मशीन बंद असताना तारीख आणि सेटिंग जपणारी) संपलीय. मदरबोर्ड गेला असं लगेच धरू नका.

प्लग काढून झाकण उघडा. २८६-३८६ प्रोसेसरच्या जुन्या मदरबोर्डांवर बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ ३.६ व्होल्टची नळकांडी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तिच्या पायांशी हिरवट-पांढरी पूड दिसली तर ती गळतेय. न गळणारीही आजच कापून काढा, नवी यायची वाट बघू नका. गळलेला द्रव तांब्याच्या रेषा खात जातो, मशीन बंद असलं तरी.

- हातमोजे, चष्मा घाला. द्रव अल्कली आहे, म्हणून आधी थोडं व्हिनेगर, मग पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळल्याशिवाय वीज नाही.
- त्या जागी सीआर२०३२ (नाण्यासारखा चपटा लिथियम सेल) सरळ जोडू नका. नवखे हमखास इथेच फसतात. बोर्ड जुनी बॅटरी चार्ज करायचा. लिथियम सेल चार्ज झाला तर फुटू शकतो.
- डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे लिहून ठेवा, सेटअपमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) लागतील.

तुटलेल्या रेषा जोडणं सध्या राहू द्या. असे बरेचसे बोर्ड बॅटरीशिवायही सुरू होतात, फक्त दर वेळी सेटअप भरायचा. स्वच्छ करून आधी तेवढं करून बघा.