जामीन मंजूर, पण जामीनदार मिळेना

प्रश्न : राहत्या घरातील चोरीच्या आरोपावरून माझा भाचा आठ महिन्यांपासून कारागृहात आहे. त्याच्यावर यापूर्वी एकही गुन्हा नव्हता. तीन महिन्यांपूर्वी न्यायालयाने २५,००० रुपयांचा जामीन मंजूर केला. मात्र बहिणीच्या नावावर सातबारा नाही आणि माझी जमीन दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने मी जामीनदार म्हणून चालणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. खटला सुरू होण्याआधीच त्याच्याकडून तेथे काम करून घेतात का? आम्ही आता काय करावे? – एक वाचक

उत्तर : आधी कामाविषयी. आपला भाचा न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेत कच्चा कैदी आहे. सक्तमजुरी ही शिक्षा असल्यामुळे ती दोषी ठरलेल्यालाच लागू होते. कच्च्या कैद्याला कामाची सक्ती करता येत नाही आणि तो स्वतःचेच कपडे वापरतो. सकाळी बराक उघडून गिनती होते, दुपारी काही तास पुन्हा बंद केले जाते आणि संध्याकाळचे जेवण उजेडीच देऊन सूर्यास्ताच्या सुमारास कुलूप लागते. मधला वेळ मुलाखतीची, म्हणजे नातेवाइकांच्या भेटीची, आणि कोर्टाच्या तारखेची वाट पाहण्यात जातो. पक्क्या कैद्याला निदान कारखान्यातले किंवा शेतीचे काम आणि त्याचे वेतन तरी मिळते. ज्याला कायदा निर्दोष मानतो त्याचाच दिवस अधिक रिकामा जावा, ही आपल्या व्यवस्थेतील विसंगती मला नेहमीच खटकते. त्याला शिकायची किंवा काम करायची इच्छा असेल, तर त्याने अधीक्षकांकडे लेखी विनंती करावी. कॅन्टीनमधून साबण, बिस्किटे घेता यावीत म्हणून आपण त्याच्या खात्यावर पैसे भरू शकता.

आता मुख्य अडचण. जामीनदार परजिल्ह्यातला असणे हे एवढ्यावरच नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात नेमके हेच घडले होते : एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने भावाला नाकारण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले आणि त्या गवंड्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय केवळ स्वतःच्या लेखी हमीवर, सोडण्याचा आदेश दिला. तेव्हा तोंडी उत्तर ऐकून परत न फिरता आपली कागदपत्रे रीतसर दाखल करा, आणि ती नाकारली गेल्यास कारणासह लेखी आदेश मागा.

शिवाय, जामीन मंजूर होऊन एक महिन्याच्या आत हमीपत्र सादर झाले नाही, तर संबंधित न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेऊन अटी शिथिल करता येतील का हे पाहावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिले आहेत. आपल्या बाबतीत तीन महिने लोटले आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतील व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. रक्कम कमी करण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८४ खाली सत्र न्यायालयातही जाता येते.

याच संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे लागते आणि तसा अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. या गुन्ह्याला कमाल ७ वर्षांची शिक्षा असल्याने ती मुदत २ वर्षे ४ महिने होते, म्हणून आज त्यावर विसंबून राहू नका. त्याच्यावर दुसरा एखादा खटला प्रलंबित असेल, तर ही सवलत मिळत नाही. अर्जासोबत जामिनाच्या आदेशाची प्रत, बहिणीच्या उत्पन्नाचा दाखला आणि आपला सातबारा जोडा.