पहिला रोमन दिनार घेण्याआधी

जुनी रोमन नाणी जमवायला सम्राट ऑगस्टसच्या नाण्यापासून सुरुवात करायचा मोह मलाही झाला होता. पण माझं ऐका, पहिलं नाणं सम्राट तिसऱ्या गॉर्डियनचं घ्या, इ.स. 238 ते 244 मधलं. ती भरपूर मिळतात, स्वस्त असतात आणि अक्षरं बहुधा छान वाचता येतात. सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट दिसला तर तो दिनार (रोमनांचं चांदीचं नाणं) नाही, अँटोनिनियानस नावाचं वेगळं नाणं. हे नाणं सम्राट कॅराकॅलाने 215 मध्ये काढलं.

वजनकाटा मात्र आधी घ्या, दोन दशांश दाखवणारा. ऑगस्टसच्या काळात दिनार जवळपास शुद्ध चांदीचा, पावणेचार ग्रॅमच्या वर. सम्राट नीरोने इ.स. 64 च्या सुमारास वजन घटवलं, चांदीही कमी केली. पुढे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत चांदी निम्म्यावर आली. म्हणून त्याचा दिनार फिकट दिसला तर लगेच खोटा ठरवू नका.

खरी परीक्षा कडेची. नाणं आडवं धरून भिंगातून कड सावकाश फिरवा. सगळीकडून एकसारखी रेघ गेली असेल, पृष्ठभागावर बारीक गोल खड्डे असतील, तर ते साच्यात ओतलेलं समजा. अस्सल नाणं हातोड्याने ठोकलेलं असतं, कडेला अनेकदा चिरा जातात. चांदीखालून तांबं डोकावलं तर थांबा: मुलामा दिलेली नाणी रोमन काळातही होती, आणि तीही जमवण्यासारखी असतात.

आणि काळेपणा घासू नका, कृपा करून! चिंच, लिंबू, पावडर, काहीही नको. तो थर एकदा गेला की परत येत नाही.