सेकंडहँड पार्ट जमवून 8 किलोच्या आतली कार्बन रोडबाइक बांधता येते का?

येते. 70 हजारांत जमेल का आणि आधी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो: फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, नवा घ्या. बाकी बहुतेक सगळं जुनं चालेल, फोर्क नाही.

2021 साली पुण्यात मी माझी बांधली. आठ महिने एकेक पार्ट जमवत होतो. फ्रेम आणि फोर्क बंगळूरच्या एका रायडरकडून घेतले, रिम ब्रेकवाले, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडेवर घासतो तसले. बॉक्स आला त्या रात्री फ्रेम सतरंजीवर ठेवून नाण्याने इंच इंच वाजवली. कार्बन धड असेल तर आवाज खणखणीत येतो, आतले थर सुटले असतील तिथे बद्द. फ्रेम सगळीकडे सारखी वाजली, फोर्कचे पायही. फक्त स्टीअरर ट्यूबवर (फोर्कची फ्रेममधून वर हँडलपर्यंत जाणारी नळी) पुढच्या बाजूला केसाएवढी आडवी रेघ होती. विकणाऱ्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "वरच्या लॅकरची रेघ आहे, निश्चिंत राहा." इतके महिने वाट पाहिल्यावर मला तेच ऐकायचं होतं. मी सायकल बांधली. पेडलसकट 7.7 किलो भरली. शर्यतीच्या सायकलीला यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने 2000 सालापासून 6.8 किलोची खालची मर्यादा ठेवली आहे. जुन्या पार्टांतून त्याच्या इतकं जवळ गेलो याचा मला आजही अभिमान आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी सिंहगड चढताना, उभं राहून पेडल मारलं की समोरून टक् असा आवाज यायला लागला. हेडसेट (फोर्क ज्यावर वळतो ती बेअरिंग) सैल असेल असं वाटलं. वर पार्किंगला पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली, तर हँडलबार फोर्कच्या आधी हलत होता. तिथेच टॉप कॅप, स्टेम (हँडलबार त्या नळीला आवळून धरणारा भाग), स्पेसर (उंची जुळवायच्या कड्या) सगळं उतरवलं. ती रेघ नळीच्या निम्म्या घेरात पसरली होती आणि नखाने दाबली की तिची कड आत जात होती. तिथून गोळेवाडीपर्यंत नुसता उतार आणि वळणं. सायकल जीपच्या टपावर बांधून खाली आणली. घरी बायकोला दोन दिवस काही सांगितलं नाही.

पुढचं जास्त लागलं. आमच्या ग्रुपमधले एक दादा, ज्यांचं बघून मी सायकलिंग शिकलो, सगळ्यांसमोर म्हणाले, "तूच स्टेम जास्त आवळला असणार. कार्बन घरी बसवायची वस्तू नाही." विषय निघाला की अजूनही हेच म्हणतात. म्हणून इथे नीट लिहून ठेवतो.

स्टेमचे बोल्ट मी टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना) 5 न्यूटन मीटरला आवळले होते, स्टेमवर छापलं होतं तेवढेच, आणि कार्बन पेस्ट लावून. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तड्याची जागा बघा. माझी पाठ वाकत नाही म्हणून स्टेमखाली 25 मिमी स्पेसर होते. तडा त्या स्पेसरांच्या मागे, माझ्या स्टेमच्या खालच्या कडेपासून 15 मिमी खाली होता. माझा क्लॅम्प तिथे पोचतच नव्हता. आधीच्या मालकाने मात्र स्टेम पार खाली हेडसेटला टेकवला होता आणि उरलेले 30 मिमी स्पेसर वर रचले होते. त्याच्या जाहिरातीतल्या फोटोत हे स्पष्ट दिसतं. त्याच्या स्टेमचा खालचा बोल्ट बरोबर तड्याच्या उंचीवर येतो. एक्स्पांडर प्लग (नळीला आतून आधार देणारा तुकडा) नळीच्या तोंडाशी, क्लॅम्प त्याच्या खूप खाली, म्हणजे जिथे आवळलं तिथे नळी आतून पोकळ. कार्बनची नळी बाहेरून आवळायची तर आतून आधार लागतो. बसवणं घरी झालं की दुकानात, याचा इथे काही संबंध नाही. प्लग कुठे असायला हवा हे माहीत नसेल तर दुकानदारही नळी चिरडेल.

नवा फोर्क 16 हजारांना पडला, 60 ग्रॅम जडही निघाला. घेताना खालच्या बेअरिंगचा व्यास आणि रेक (फोर्क चाकाचा आस किती पुढे नेतो ते अंतर) जुन्याशी जुळवा.

आता बाकीचं. क्रँकच्या (पेडलचे दांडे) आधी फ्रेम घ्या, कारण बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यात फिरतो ती बेअरिंग) फ्रेम ठरवते. माझी 86.5 मिमी रुंदीची प्रेसफिट होती, तिच्यात 24 मिमी स्पिंडल (क्रँकचा आस) सरळ बसतो. 30 मिमीचा स्वस्त मिळाला म्हणून घेतला असता तर डोक्याला ताप झाला असता. दहा स्पीडच्या जुन्या रोड हबवर अकरा स्पीडची कॅसेट (मागची दातेरी चक्रं) सहसा बसत नाही, फ्रीहब (कॅसेट ज्यावर चढते तो भाग) 1.85 मिमी लांब लागतो. जुना अकरा स्पीडचा अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस क्रँक घेत असाल, तर जुलै 2019 च्या आधी बनलेले, दोन तुकडे चिकटवून केलेले क्रँक शिमानोने सप्टेंबर 2023 मध्ये तपासणीसाठी बोलावले होते. त्यावरचा कोड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चेन, केबल आणि ब्रेक पॅड नवेच. अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट कार्बन फ्रेममध्ये घामाने गंजून अडकतो, म्हणून तो हलतोय याचा व्हिडिओ मागवा. रिम ब्रेकसाठी जुनी कार्बन चाकं मी घेणार नाही, घाटात ब्रेक लावून रिम तापते.

माझा एकूण खर्च फोर्कसकट 78 हजार झाला. तुमच्या 70 हजारांत 8 किलोच्या आत बसेल, घाई केली नाहीत तर. डिस्क ब्रेकची मी बांधलेली नाही, त्यामुळे तिचा हिशेब माझ्याकडून घेऊ नका. आणि नाण्याच्या आवाजाने सगळं कळत नाही. फ्रेम महाग असेल तर अल्ट्रासाउंडने तपासून घ्या. सायकलसकट 80 किलो भरत असाल तर एक किलो कमी केल्याने 45 मिनिटांच्या चढावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाचतो. माझ्यासाठी तेवढा पुरे होता.

फोर्कची ती नळी कापून ठेवली आहे, तड्याशेजारी बोल्टच्या उंचीची खूण करून. दादांनी ती अजून हातात घेतलेली नाही. तुम्ही पुण्यात असाल तर या, दाखवतो.