आईची जखम भरत का नाही?

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची आहे. अर्धांगवायूनंतर ती मुंबईतच एका वृद्धाश्रमात असते. माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली आहे. रोज मलम लावतात, पण ती भरत नाही. तीन महिन्यांत वजन ४६ वरून ४२ किलोवर आलंय. 'या वयात भूक कमी होतेच' असं तिथे सांगतात. मी आठवड्यातून दोनदा जाते. काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, आधी वजनाचं बोलू. तीन महिन्यांत चार किलो, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. वयाच्या नावावर हे सोडून देऊ नका. मी आयुष्यभर वॉर्डात नर्सिंग केलं आहे, म्हणून ठामपणे सांगते, पोटात पुरेसं गेलं नाही तर बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहून दाबाने होणारी अशी जखम, नुसत्या मलमाने भरत नाही.

अशी जखम असलेल्या माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या आईला ५२ ते ६३ ग्रॅम. पातळ वरण, मऊ भात आणि चहा-बिस्किटांवर एवढी होणं अवघड. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, एक पेला दुधात जवळपास तेवढीच. खिचडीत डाळ वाढवून वर तूप, मधल्या वेळी दही किंवा कुस्करलेलं पनीर, आणि खात असतील तर काटे नीट काढलेला मासा, असं थोडं थोडं पाच-सहा वेळा द्यायला सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पुढच्या वेळी जेवणाच्या वेळेलाच जा आणि ताट परत जाताना बघा. कवळी सैल झाली आहे का? हाताने चमचा धरता येत नाही म्हणून जेवण उरतं का? खाताना ठसका लागतो, आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा येतो का? तसं असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या, तोवर घाईने पातळ काही पाजू नका. भरवताना ताठ बसवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

आता कूस. दर दोन तासांनी बदलायची, आणि पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी लावून तीसेक अंश कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा गादीला टेकता कामा नयेत. एरवी डोक्याकडचा पलंग फार उंच ठेवला की शरीर खाली घसरतं आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. मला वाटतं, हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. एअर मॅट्रेस जरूर घ्या, पण ती आली म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. रबरी रिंग नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा उलट कमी होतो. लाल जागेवर मालिशही नको. डायपर ओला झाला की लगेच बदला.

व्यवस्थापकांशी भांडू नका, पण पलंगाशी एक तक्ता लावायचा आग्रह धरा: कूस कधी बदलली, किती खाल्लं, आठवड्याचं वजन किती. गेल्यावर तो वाचा आणि स्वतः कुशीवर करून टाचा, खुबे, माकडहाड पाहा. बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर तिथे नवी जखम होऊ घातली आहे.

जखम काळी पडली, वास आला, पू दिसला, ताप आला किंवा आई अचानक सुस्त वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.