सान हुआनचे दोन किल्ले, एकच बघायचा तर कुठला?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत. त्यांना घेऊन पोर्तो रिकोला जायचा विचार आहे. बाबांना किल्ल्यांचं भारी वेड, पण आईचे गुडघे दुखतात. सान हुआनला दोन मोठे किल्ले आहेत म्हणे, त्यातला एकच बघितला तर चालेल का? आणि परत येताना व्हिसाची काही भानगड?

उत्तर: व्हिसाचं आधी उरकून टाकू. पोर्तो रिको अमेरिकेच्याच ताब्यात आहे, त्यामुळे नेवार्कहून ते डोमेस्टिक फ्लाइट, आईबाबा देशाबाहेर गेले असं धरत नाहीत. तरी पासपोर्ट जवळ असू द्या, मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका.

आता किल्ले. सगळे एल मोरोला पळतात, आणि आहेच तो देखणा, खाडीच्या तोंडावर समुद्रात घुसलेला, 1539 साली काम सुरू झालेला. 1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक आला आणि इथल्या तोफांचा मार खाऊन गेला. पण गंमत अशी की तीनच वर्षांनी, 1598 ला, कंबरलंडचा अर्ल हा दुसरा इंग्रज सरदार समोरून यायच्या भानगडीतच पडला नाही, लांब उतरून जमिनीच्या बाजूने आला आणि किल्ला घेतला! टिकला मात्र नाही, त्याच्या सैन्याला हगवण लागली आणि गाशा गुंडाळावा लागला. पुढे 1625 मध्ये डचांनी शहर जाळलं, एल मोरो काही हाती लागला नाही. जमिनीकडून येणाऱ्याला अडवायचं म्हणून मग सान क्रिस्तोबाल उभा राहिला, आणि वाढत वाढत स्पेनने अमेरिकेत बांधलेला सगळ्यात मोठा किल्ला झाला. 1797 ला इंग्रज परत जमिनीवरूनच आले, तेव्हा त्यांना शहरात शिरताच आलं नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर एकच बघायचा असेल तर सान क्रिस्तोबाल बघा, बाबा खूश होतील. खालच्या भुयारांमधून सैनिकांची ये-जा चालायची, आणि बाहेरचा भाग शत्रूच्या हाती पडलाच तर दारू ठासून तो उडवून द्यायची सोयही तिथेच. एका अंधारकोठडीच्या भिंतीवर कैद्याने काढलेली शिडाची जहाजं अजून दिसतात, टॉर्च असू द्या. चौकाखाली पावसाचं पाणी साठवायच्या पाच मोठ्या टाक्या आहेत. वसई बघितलेल्या माणसाला ते बाहेर आलेले कोनाकोनाचे बुरूज ओळखीचे वाटतील. तशी 1580 ते 1640 वसईचे पोर्तुगीज आणि इथले स्पॅनिश एकाच राजाची माणसं होती, हे बाबांना तिथे उभं राहून सांगा.

आईंसाठी: एल मोरोच्या दारापर्यंत मोठं उघडं मैदान चालावं लागतं, झाड म्हणून नाही, कारण येणारा शत्रू तोफेच्या टप्प्यात दिसावा म्हणून ते मोकळंच ठेवलेलं. आत उतारही चांगलेच तीव्र आहेत. त्यांना मैदानावरच पतंग बघत बसू दे, तिथे लोक हौसेने पतंग उडवतात. तिकीट 10 डॉलरचं, त्यात 24 तासांत दोन्ही किल्ले होतात, तेव्हा पावती टाकू नका. दोन्हींत अंतर दीडेक किलोमीटर, आईंना टॅक्सीने आणा.